गाव करी ते राव न करी

शेजारधर्म लोपला, माणूस माणसास ओळखीनासा झाला, ही तक्रार सांप्रत सुशिक्षित कुटुंबांत जितकी ऐकू येते तितकी दुसरी क्वचितच ऐकू येत असेल. भिंतीच्या अलीकडे माणूस तापाने कण्हत पडलेला असतो आणि पलीकडच्या बिऱ्हाडास त्याचे नावही ठाऊक नसते. दाराला दार लागून असते, पण दोन्ही दारे दिवसभर बंद असतात. ज्यांचे बालपण वाड्यांत किंवा चाळींत गेले त्यांना तेथील सामाईक ओटा, या घरातून त्या घरात जाणाऱ्या कालवणाच्या वाट्या, आणि कोणाच्याही मुलास रागे भरण्याचा कोणाही वडीलधाऱ्याचा हक्क, या गोष्टी आठवून हळहळ वाटते. या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तिच्या पाठोपाठ जो उपाय सुचविण्यात येतो तो मात्र थोडा थांबून पारखून घेण्याजोगा आहे. पूर्वीचा एकोपा पुन्हा निर्माण केला म्हणजे झाले, असे या मंडळींचे म्हणणे असते. या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, एकोपा हा स्वभावतःच चांगला असून तो जितका घट्ट तितका समाज श्रेष्ठ. हे गृहीत खरे आहे काय, आणि खरे नसेल तर कोणता एकोपा जोपासावा व कोणता टाकावा हे कसे ओळखावयाचे, एवढाच प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखात विचारास घेत आहो.

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. तिचा उपयोग बहुधा स्तुतीच्या अर्थाने होतो. गावाने मनावर घेतले तर राजालाही न साधणारी गोष्ट साधते, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण म्हणीचे शब्द नीट पाहिले तर ती गावाच्या सामर्थ्याविषयी बोलते, सौजन्याविषयी नव्हे. गाव एकत्र येऊन तळे खोदू शकतो. तोच गाव एकत्र येऊन एखाद्या कुटुंबाचे पाणीही तोडू शकतो. दोन्ही कामे रावाला अवघड आणि गावाला सोपी. आमच्या प्रश्नाचा सारा पेच या दुहेरी अर्थात आहे, आणि तो उलगडण्यासाठी आम्ही पाण्याचेच उदाहरण हाती धरणार आहो. आमच्या या अवर्षणप्रवण देशात गावाची परीक्षा पाण्याइतकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

प्रथम गावाची बाजू घेऊ. इ. स. १८३० मध्ये सर चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील खेड्यांना लहान लहान प्रजासत्ताके म्हटले. राज्ये येतात आणि जातात, खेडे मात्र टिकून राहते, असा त्याचा अभिप्राय होता. पुढे १८८७ मध्ये फर्डिनांड टॉनिस या जर्मन पंडिताने समाजाचे दोन प्रकार कल्पिले : रक्त, भूमी आणि रूढी यांनी आपोआप जडलेला एक, आणि करार व स्वार्थ यांनी जाणूनबुजून जोडलेला दुसरा. आधुनिक मनुष्य पहिल्यातून दुसऱ्यात जात आहे, आणि या प्रवासात त्याच्या हातून काही मोलाचे निसटत आहे, अशी खंत त्याच्या विवेचनात आहे. या दोघांच्या मतांत कल्पनेचा अंश पुष्कळ असला तरी त्यांना अगदीच आधार नव्हता असे नाही. तो आधार पाहावयाचा असल्यास धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी चालत आलेली फडपद्धती पाहावी.

ही पद्धती काही शतकांची जुनी आहे. नदीवर लहानसा बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा, आणि पाटाखालच्या जमिनीचे सामान्यतः चार मोठे भाग करावयाचे. या भागांस फड म्हणतात. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पिकांचा फेरा फडाफडांतून फिरता ठेवावयाचा. पाणी सोडणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या हे सर्वांचे मिळून नेमलेले. पाऊस कमी झाला तर यंदा किती क्षेत्र भिजवावयाचे हे सर्वांनी बसून ठरवावयाचे. आता या व्यवस्थेतील मर्म असे की, शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे बहुधा एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. त्यामुळे पाटाच्या तोंडाशी बसलेला श्रीमंत आणि शेपटाशी बसलेला कोरडा, अशी कायमची फाळणी होऊ शकत नसे. ज्याने दुसऱ्याचे पाणी चोरावे त्याचेच एखादे शेत पुढच्या फडात दुसऱ्याच्या हाती असावयाचे. शेजाऱ्याविषयीची सद्भावना हा या एकोप्याचा पाया नव्हता. तुटवडा आला तर तो सर्वांच्या वाट्यास सारखा येईल अशी त्याची रचनाच होती. माणसे देवमाणसे नव्हती. पण नियम असे होते की साध्या माणसांकडूनही न्यायाचे वर्तन घडावे.

पुढे वरच्या अंगास मोठी धरणे झाली, ज्याच्या त्याच्या शेतात विहीर झाली, आणि फड पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आले. यात आश्चर्य नाही. ज्याची विहीर त्याचे पाणी, असे एकदा झाले म्हणजे पाटकरी कोण नेमतो? शहरातील शेजार सुटला त्याचेही कारण याहून निराळे नाही. आम्ही अधिक दुष्ट झालो नाही. आम्हांस एकमेकांवाचून अडेनासे झाले. नळ घरात आला, पेढीतून कर्ज मिळू लागले, आजाऱ्यास दवाखाना झाला. जे पूर्वी शेजाऱ्याकडून मागून आणावे लागे ते आता पैसे टाकून आणता येते. मागण्यात मिंधेपणा असे, तो गेला, हे बरेच झाले. पण मागण्याच्या निमित्ताने होणारी ओळखही त्याबरोबर गेली. म्हणून ‘पूर्वीची माणसे चांगली होती’ असे उसासे टाकण्यापेक्षा, आपणा सर्वांचे मिळून आज काय आहे, हे शोधणे अधिक फलदायी होय. जेथे सामाईक काही नाही तेथे समाजही नाही. केवळ वस्ती आहे.

येथवर गावाची बाजू झाली. आता म्हणीची दुसरी बाजू पाहू.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर काही प्रतिष्ठित गृहस्थांनी चहा घेतला, किंवा घेतल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले हे सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ती रानडे व टिळक यांच्यासारखी माणसे त्यात सापडली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीचे मंडळ नेमले गेले, आणि शेवटी रानड्यांसारख्या धीरगंभीर पुरुषानेही प्रायश्चित्त घेतले. त्यांना कोणी तुरुंगात टाकणार नव्हते, की त्यांचे वेतन थांबविणार नव्हते. सरकारदरबारी त्यांचे वजन मोठे होते. पण पंक्तीस कोणी बसणार नाही, कार्यास भिक्षुक मिळणार नाही, आणि आपल्याबरोबर आपल्या इष्टमित्रांसही त्रास होईल, ही भीती कोणत्याही शिक्षेहून कमी नव्हती. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात जे सांगितले की, समाजाचा जुलूम राजाच्या जुलमाहून अधिक खोल पोहोचतो, कारण तो घरात शिरतो आणि त्यातून निसटण्यास वाट राहत नाही, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. राव जे करू शकला नसता ते गावाने केले.

आणि हे तर वजनदार माणसांचे झाले. ज्यांना गावाने मुळात गावकुसाच्या आतच घेतले नव्हते त्यांची कथा निराळीच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे सविस्तर वर्णन आहे ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येकाचे काम ठरलेले, प्रत्येकाचे बलुते ठरलेले, कोणी उपाशी राहू नये अशी योजना. पण कोणी कोणते काम करावयाचे हे ज्याच्या त्याच्या जन्मानेच ठरलेले. एकोपा होता, पण शिडीच्या पायऱ्यांचा असतो तसा. पायऱ्या एकमेकींस धरून असतात, परंतु खालची कधी वर जात नाही.

पुन्हा पाण्याकडेच येऊ. अस्पृश्य मानलेल्या लोकांस पाणी मिळत नाही हे पाहून जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. एका गृहस्थाने आपल्या मालकीच्या पाण्यापुरते हे करावे, यात त्याचे मोठेपण आहे. पण जे पाणी सर्वांचे म्हणून म्हटले जाते त्याचे काय? मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की, सरकारी खर्चाने बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी, शाळा यांचा वापर अस्पृश्यांस करू द्यावा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. काठावर मात्र कोणी फिरकू शकले नाही. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याची शुद्धी करण्यात आली, आणि प्रकरण न्यायालयात जाऊन १९३७ साली उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागेपर्यंत दहा वर्षे लोटली. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे काही थोडे सवर्ण सत्याग्रहाच्या बाजूस होते, हे त्या गावाचे भूषण होय. बाकीच्यांत एकोप्याची उणीव होती असे कोणास म्हणता येईल? एकोपा भरपूर होता. एका दिवसात माणसे जमली, लाठ्या जमल्या, शुद्धीचे साहित्य जमले. तळे खणावयास जेवढा एकोपा लागतो त्याहून तो तळे अडविण्यास कमी पडला नाही.

हे सारे जुने झाले, आता असे काही उरले नाही, असे समजणाऱ्यांनी कायद्याचा इतिहास पाहावा. वाळीत टाकण्यास मनाई करणारा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये झाला. तो धर्मपंथांच्या अंतर्गत स्वातंत्र्यास बाध आणतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने महाराष्ट्रास सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा नवा कायदा करावा लागला. तो २०१६ मध्ये संमत होऊन २०१७ मध्ये अमलात आला. जी गोष्ट घडतच नाही तिच्याविरुद्ध कायदे करण्याची हौस कोणत्याही विधिमंडळास नसते.

तेव्हा कोणी म्हणेल, की असे असेल तर हे गावकीचे व भावकीचे लोढणे टाकूनच द्यावे. एकीकडे व्यक्ती आणि दुसरीकडे राज्य, मध्ये कोणाची गरज नाही. हे मत वरवरचे नाही. घटना समितीपुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवाचा कठोर समाचार घेतला. खेडे म्हणजे संकुचितपणा व अज्ञान यांचे आगर आहे असे सांगून, मसुद्याने खेड्यास नव्हे तर व्यक्तीस घटक मानले याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. ज्याने महाडचा काठ पाहिला त्याने असे म्हणावे यात नवल ते काय? समितीतील पुष्कळांना मात्र गांधीजींच्या ग्रामस्वराज्याचा विसर पडलेला रुचला नाही, आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे कलम मसुद्यात घालण्यात आले. पुढे १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींस घटनेचा पक्का आधार दिला. या वादात जय कोणाचा झाला हे सांगण्यास आम्ही बसलो नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, आंबेडकरांचा विचार ‘व्यक्ती आणि राज्य’ एवढ्यावर थांबत नाही. एक वर्षाने, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, त्यांनी बंधुतेचा विषय काढला, आणि बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता ही वरवरच्या रंगाहून खोल जाणार नाहीत, असा इशारा दिला. महाडचा अनुभव हेच सांगतो. कौन्सिलाचा ठराव झाला, नगरपालिकेचा झाला. तरी तळ्याच्या काठी शेजारी उभा राहिला तो कायदा नव्हे, माणूसच होता. कायदा दाराची कडी काढू शकतो. ‘आत या’ असे म्हणणे त्याच्या हाती नाही.

म्हणजे गावावाचून चालत नाही, आणि गावावर डोळे मिटून विसंबताही येत नाही. मग बऱ्या एकोप्याची आणि वाईट एकोप्याची ओळख कशी पटावी? आमच्या मते त्याला तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी वाट्याची. जे सामाईक आहे त्यात सर्वांत दुबळ्याचा वाटा किती, आणि तो त्याला हक्काने मिळतो की मेहेरबानीने, हे प्रथम पाहावे. या बाबतीत पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे जो पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला तो विचार करण्यासारखा आहे. त्यांचा नियम असा होता, की पाणी जमिनीच्या मानाने न वाटता माणसांच्या मानाने वाटावयाचे. माणशी अर्ध्या एकरास पुरेल एवढे पाणी, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांची मर्यादा. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात हक्क. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनीच उभा करावयाचा. भूमिहीनास पाण्याचा हक्क, ही कल्पना प्रथम ऐकताना विचित्र वाटते. शेत नाही त्याने पाणी घेऊन काय करावे? परंतु क्षणभर विचार केला म्हणजे तिचे मर्म कळते. जोपर्यंत पाणी जमिनीच्या मागे जाते तोपर्यंत गावाची सभा ही जमीनदारांची सभा असते. ते माणसाच्या मागे जाऊ लागले की त्या सभेत मजुरालाही बसावयास जागा होते. त्याला कोणी दयेने बोलावलेले नसते. त्याच्या हाती काही आहे म्हणून त्याच्याशी बोलावे लागते. या सर्वच योजना पुढे टिकल्या नाहीत, हे खरे. पण न टिकलेल्या गोष्टीनेही प्रश्न नीट विचारलेला असू शकतो.

दुसरी कसोटी नकाराची. जो समाज आपल्या एखाद्या घटकाचा ‘नाही’ हा शब्द ऐकून घेऊ शकत नाही, त्याच्या ‘होय’ला काही किंमत नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो. पण सहावा मुकाट बसला असेल तर पाचांच्या तोंडी परमेश्वर बोलला की दांडगाई, हे कळावे कसे? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने या बाबतीत फार नामी रीत ठेवली आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही, सर्वसहमतीने करते. एकाचेही समाधान झाले नसेल तर निर्णय पुढे ढकलतात. सभेखेरीज तेथे अभ्यासगटही चालतो. त्यात निर्णय करावयाचा नसतो, केवळ विषय समजून घ्यावयाचा असतो. अशा संथ रीतीने चालणाऱ्या गावास २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना झाली. यावर असा आक्षेप येईल की, एकमताच्या नावाखाली एकट्याला दडपून टाकणे तर अधिकच सोपे. आक्षेप योग्य आहे. एकमत दोन रीतींनी होते : विरोध करणाऱ्याची वाट पाहून, आणि विरोध करणाऱ्याकडे डोळे वटारून पाहून. दोहोंचा ठराव सारख्याच शब्दांत लिहिला जातो. म्हणून ठराव वाचून काही समजत नाही. सभा संपल्यावर त्या विरोध करणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणी जाते की नाही, यावरून समजते.

तिसरी कसोटी दाराची. समाजास दार असावे. आत येण्यास असावे आणि बाहेर जाण्यासही असावे. ज्याला सोडून जाण्याची मोकळीक आहे त्याचेच राहणे हे राहणे होय. बाकीच्यांचे ते अडकणे. आणि येथेच राज्याचे खरे काम आहे. गावाने गावाचे चालवावे, पण गावातून निघू पाहणाऱ्या मुलीस, जातीबाहेर विवाह करणाऱ्या जोडप्यास, पंचांचा निवाडा न मानणाऱ्यास, पाठीशी कायदा आहे एवढी खात्री रावाने द्यावी. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याचे सार एवढेच आहे. जो गावाचा कैवारी या कायद्यास गावावरील आक्रमण समजतो त्याने आपल्या गावाविषयीच अविश्वास प्रकट केला, असे आम्हांस वाटते. ज्या घराची ऊब खरी आहे त्याला बाहेरून कडी लावावी लागत नाही.

हे सर्व खेड्यांपुरते आहे आणि आम्हा शहरवासीयांस त्यातून काही घ्यावयाचे नाही, असे मात्र वाचकांनी समजू नये. आमची सहकारी गृहनिर्माण संस्था हीच आमची ग्रामसभा होय. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली हजारो इमारतींतून आज वर्षाकाठी सर्वसाधारण सभा भरते, आणि तिला किती सभासद हजर असतात हे प्रत्येकाने आपल्या मनाशीच आठवावे. शेजार उरला नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ गृहस्थ या सभेच्या दिवशी नेमके परगावी गेलेले असतात. जे येतात ते बहुधा गाड्या उभ्या करण्याच्या जागेविषयी भांडण्यास येतात. वस्तुतः येथे सामाईक असे पुष्कळ आहे : टाकीतील पाणी, जिना, गच्ची, कचरा, रखवालदाराचा पगार. फडावरील शेतकऱ्यांपाशी याहून अधिक काय होते?

या संस्थांना वरील तीन कसोट्या लावून पाहाव्यात. पाण्याचा तुटवडा आला तर वरच्या मजल्यावरील एकट्या वृद्धेस आणि तळमजल्यावरील भरल्या घरास पाणी कोणत्या मानाने मिळते? रखवालदाराच्या मुलांना ते मिळते काय? वर्गणीविषयी शंका काढणाऱ्या सभासदास उत्तर मिळते, की ‘हा नेहमीच मोडता घालतो’ असे म्हणून त्याला हसण्यावारी नेतात? घरकामास येणाऱ्या बाईंनी सर्वांच्या लिफ्टने येऊ नये, असा नियम काही इमारतींत असतो. तो करणाऱ्यांना महाडची आठवण होत नसेल काय? आणि दार? अमुक जातीस, अमुक धर्माच्या माणसास, मांसाहार करणाऱ्यास घर भाड्याने देऊ नये, अशी अलिखित एकी कित्येक सुशिक्षित इमारतींत आढळते. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या निर्णयास आधार आहे, आणि संख्येने घटत चाललेल्या लहान समाजास आपले माणूस जवळ असावेसे वाटले तर ते समजण्यासारखेही आहे. परंतु जे कायद्यास चालते ते सर्व नीतीस चालते असे नाही. दुबळ्याने आसऱ्यासाठी दार लोटून घेणे आणि सबळाने दुसऱ्यास आसरा मिळू नये म्हणून ते लावून घेणे, यांत अंतर आहे. आणि आपण कोणत्या बाजूस आहो हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

यावर शेवटचा एक आक्षेप राहतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. दार उघडे ठेवले, नकारास मान दिला, वाटा सर्वांना दिला, तर उरेल तो एकोपा पातळ होईल. माणसे एकमेकांस बांधली जातात ती समान रक्ताने, समान देवाने, समान वैऱ्याने. केवळ न्यायाने कोणाचे मन भरत नाही, असे हे म्हणणे आहे. यात सत्याचा अंश आहे हे आम्ही नाकारीत नाही. समान वैऱ्याइतक्या झटकन माणसांस एकत्र आणणारी दुसरी गोष्ट नाही. पण ती एकी टिकवावयाची तर वैरीही टिकवावा लागतो. तो नसेल तर शोधावा लागतो, आणि बहुधा तो जवळच, आपल्यातील दुबळ्यांत, सापडतो. याउलट मिळून केलेल्या कामाची एकी सावकाश जमते. बंधाऱ्याची गाळकाढणी दरवर्षी करावी लागते, आणि दरवर्षी ती करताना शेजारच्याचा खांदा कसा दुखतो हे कळते. प्रेम आधी आणि काम मागाहून, असा क्रम आपण कल्पितो. बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो. ज्याच्याबरोबर आपण काही ओझे उचलले आहे त्याच्याविषयीच आपल्या मनात ओलावा उत्पन्न होतो. मग तो कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा, याची आठवण हळूहळू बुजत जाते. आणि जेथे ती बुजत नाही तेथे निदान तिचा उच्चार करण्याची लाज वाटू लागते. ही लाजसुद्धा लहान कमाई नव्हे.

तात्पर्य, हरपलेल्या एकोप्याविषयी शोक करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. त्यातील बराचसा शोक, ज्यांना त्या एकोप्यात वरची पायरी मिळाली होती त्यांचाच आहे. वाड्यातील सामाईक ओट्याची आठवण काढताना त्या ओट्यावर कोणास बसू दिले जात नव्हते, हेही आठवले पाहिजे. नवा समाज घडवावयाचा तो या दोन्ही आठवणी जाग्या ठेवूनच घडवावा लागेल. त्यास मोठ्या चळवळीची गरज नाही. आपल्या इमारतीच्या येत्या सर्वसाधारण सभेस जावे. जे बोलत नाहीत त्यांना काय म्हणावयाचे आहे ते विचारावे. आणि आपल्या सोयीचा एखादा नियम दुसऱ्याच्या अपमानावर उभा असेल तर तो रद्द करण्याचा ठराव आपण होऊन मांडावा. सभेत एकटे पडण्याचा संभव आहे. परंतु महाडच्या काठीही गावाची अब्रू राखली ती एकटे पडलेल्या त्या थोड्यांनीच. गावाचे बळ रावाहून मोठे आहे ही म्हण खरी आहे. म्हणूनच ते कोणाच्या उपयोगी पडते हे पाहण्याची जबाबदारी गावातील प्रत्येक घराची आहे.